तुलनेचा डोळाही सुधारला : एका जनुकोपचार चाचणीचे प्रकरण

लेबर आनुवंशिक दृष्टिचेता-विकारावरील जनुकोपचाराच्या ‘रिव्हर्सल’ या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे पहिले मोठे निष्कर्ष एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झाले. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्यात औषध टोचले होते आणि दुसऱ्या डोळ्यावर इंजेक्शनचा केवळ देखावा केला होता. ४८ आठवड्यांनंतर औषध मिळालेल्या डोळ्यांची दृष्टी तक्त्यावर सरासरी ११ अक्षरांनी सुधारलेली आढळली, आणि औषध न मिळालेल्या डोळ्यांचीही सरासरी ११ अक्षरांनीच सुधारलेली आढळली. दोन डोळ्यांमधील फरक हाच यशाचा निकष म्हणून आधी ठरवलेला असल्यामुळे चाचणी संख्याशास्त्राच्या दृष्टीने अयशस्वी ठरली. त्याच वेळी बऱ्याच रुग्णांना दोन्ही डोळ्यांनी पूर्वीपेक्षा अधिक दिसत होते.

आनुवंशिक नेत्ररोगांच्या संशोधनात हे प्रकरण मला सर्वांत शिकवण्याजोगे वाटते. औषधाने काम केले की नाही, या प्रश्नाचे उत्तर चाचणीतून मिळाले नाही, आणि त्याला रुग्ण, तपासनीस किंवा हिशेब करणारे जबाबदार नव्हते. चाचणीचा आराखडा ज्या गृहीतकावर उभा होता, ते गृहीतक चाचणीपूर्वी कोणी पुरेसे तपासून पाहिले नव्हते.

आजार

जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८७१ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्याचे मूळ मात्र शंभराहून अधिक वर्षांनी, १९८८ मध्ये सापडले, जेव्हा डग्लस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांच्या) डीएनएमधील ११७७८ या स्थानावरचा एका अक्षराचा बदल या विकारास कारणीभूत असल्याचे दाखवले. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधील एका अक्षराच्या बदलामुळे मानवी रोग होतो, याचा तो पहिला पुरावा होता. हा डीएनए आईकडूनच अपत्याकडे येतो, त्यामुळे विकाराचा वारसा मातृकुळातून चालतो. दोष वाहणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी जातेच असे नाही, आणि ज्यांची जाते त्यांत पुरुषांचे प्रमाण बरेच अधिक असते. बहुतेक रुग्ण तरुण वयात आजारी पडतात.

११७७८ वरील बदलामुळे एनडी४ नावाचे प्रथिन बिघडते. हे प्रथिन पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीतील पहिल्या संकुलाचा भाग आहे. त्याचा फटका सर्वाधिक बसतो तो दृष्टिपटलातील गँग्लियन पेशींना, म्हणजे ज्यांचे लांब तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते आणि दृश्याचा संदेश मेंदूकडे जातो त्या पेशींना. त्यातही मध्यवर्ती दृष्टीचे बारीक तंतू आधी जातात. रुग्णाला दुखत काहीच नाही. एका डोळ्यासमोर मधोमध धूसर डाग येतो, तो काही आठवड्यांत मोठा आणि दाट होतो, आणि बहुधा काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने दुसऱ्या डोळ्यातही तेच सुरू होते. वाचन, चेहरे ओळखणे, वाहन चालवणे हे सारे एका वर्षाच्या आत हातचे जाते.

अशा आजारात आपोआप होणारी सुधारणा हा संशोधकांसाठी नेहमीच अडचणीचा विषय असतो. लेबर विकारात ती होते, पण किती होते हे उत्परिवर्तनावर अवलंबून असते. १४४८४ या स्थानावरील बदल असलेल्यांना त्यातल्या त्यात चांगली आशा असते. ११७७८ असलेल्यांना सर्वांत कमी. उपलब्ध अभ्यासांचा २०२० मध्ये घेतलेला आढावा सांगतो की ११७७८ असलेल्या १५ वर्षांवरील रुग्णांपैकी २० टक्क्यांहून कमी जणांना अर्थपूर्ण सुधारणा मिळते, मग सुधारणेची व्याख्या कोणतीही घ्या. हा आकडा पुढच्या सगळ्या वादात महत्त्वाचा ठरला.

उपचाराची कल्पना

मायटोकॉन्ड्रियाच्या आत जनुक थेट पोचवण्याचे भरवशाचे साधन आजही हाताशी नाही. म्हणून पॅरिसमधील ‘अँस्तित्यू द ला व्हिझ्यों’ या संस्थेत मारिसोल कोराल-देब्रिन्स्की आणि होजे-आलाँ साहेल यांच्या गटाने वेगळी वाट निवडली. निरोगी एनडी४ जनुक एएव्ही२ या निरुपद्रवी वाहक विषाणूत घालून गँग्लियन पेशीच्या केंद्रकात पोचवायचे, तेथे त्याची प्रत तयार होऊ द्यायची, आणि त्या प्रतीला असा पत्ता जोडून द्यायचा की प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या दाराशीच तयार होऊन आत जाईल. हा पत्ता कॉक्स१० या दुसऱ्या एका जनुकाकडून घेतला होता. जेनसाइट बायोलॉजिक्स या कंपनीने हे औषध विकसित केले. ९० मायक्रोलिटर द्रावात ९० अब्ज विषाणू-जनुकसंच अशी मात्रा डोळ्याच्या आतील काचद्रवात एकदाच टोचायची, अशी पद्धत ठरली.

दृष्टिपटलाखाली शस्त्रक्रियेने औषध सोडण्यापेक्षा काचद्रवात टोचणे सोपे आणि कमी जोखमीचे आहे, आणि गँग्लियन पेशी काचद्रवाच्या बाजूलाच असल्यामुळे ते तर्काला धरूनही होते. मात्र काचद्रवात सोडलेले औषध एका ठिकाणी बांधून राहत नाही. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आराखडा

दोन जुळ्या चाचण्या आखल्या गेल्या. दृष्टी जाऊ लागल्यापासून सहा महिने उलटले नाहीत अशा रुग्णांसाठी ‘रेस्क्यू’, आणि सहा ते बारा महिने झाले आहेत अशांसाठी ‘रिव्हर्सल’. पहिलीत ३८ रुग्णांवर उपचार झाले, दुसरीत ३७. अमेरिका आणि युरोपातील अनेक केंद्रांवर काम चालले. उजव्या डोळ्याला औषध मिळणार की देखावा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरे. डाव्या डोळ्याला उरलेले मिळे. देखाव्यासाठी सुई नसलेल्या सिरिंजचे टोक डोळ्यावर दाबले जाई, जेणेकरून रुग्णाला दोन्ही बाजूंना सारखाच दाब जाणवावा. दृष्टी मोजणाऱ्यालाही कोणत्या डोळ्यात औषध आहे हे माहीत नसे.

कागदावर या आराखड्याला तोड नाही. दुर्मीळ आजारात पन्नास-साठ रुग्ण जमवणेही कठीण असते, आणि वेगवेगळ्या माणसांची तुलना करायची म्हटले की वय, आजाराचा काळ, धूम्रपान, जनुकीय पार्श्वभूमी असे असंख्य फरक हिशेबात गोंधळ घालतात. एकाच माणसाचे दोन डोळे घेतले की यातले जवळजवळ सर्व फरक आपोआप बाद होतात आणि थोड्या रुग्णांतही लहान फरक पकडता येतो. शिवाय कोणताही रुग्ण उपचारावाचून राहत नाही. प्रत्येकाला किमान एका डोळ्यात औषध मिळते, आणि अनोळखी औषधाचा धोका एका डोळ्यापुरता राहतो. नैतिक आणि संख्याशास्त्रीय असे दोन्ही लाभ एकाच आराखड्यात क्वचितच मिळतात, त्यामुळे तो निवडणाऱ्यांना मी दोष देत नाही.

या साऱ्याचा पाया एकच होता : एका डोळ्यावर केलेल्या उपचाराचा दुसऱ्या डोळ्यावर परिणाम होत नाही. यशाचा निकषही त्यावरच बेतलेला होता. ४८ आठवड्यांनी औषधाच्या डोळ्यातील बदल देखाव्याच्या डोळ्यातील बदलापेक्षा १५ अक्षरांनी, म्हणजे तक्त्यावरील तीन ओळींनी अधिक असावा, अशी अपेक्षा होती.

मोजमाप जवळून

अक्षरांचा हा हिशेब कसा होतो हे समजून घेतल्याखेरीज पुढचे आकडे तोलता येत नाहीत. या तक्त्यावर प्रत्येक ओळीत पाच अक्षरे असतात आणि ओळ बदलली की अक्षराचा आकार ठरावीक प्रमाणात बदलतो. एक ओळ म्हणजे लॉगमार या दृष्टीच्या तीक्ष्णतेच्या मापनात ०.१. रुग्ण चार मीटरवर बसतो. तेथून पुरेशी अक्षरे वाचता आली नाहीत तर एक मीटरवर येतो. लेबर विकाराच्या रुग्णाच्या दृष्टीत मधोमध डाग असतो, म्हणून त्याने अक्षराकडे सरळ पाहिले तर अक्षर नाहीसे होते. मग तो मान किंचित वळवतो, नजर अक्षराच्या वर किंवा बाजूला टाकतो, आणि कडेच्या दृष्टीत ते पकडतो. एखादे अक्षर दिसते, पुढचे हरवते, पुन्हा शोधावे लागते. तपासनिसाने घाई केली तर दोन-तीन अक्षरे सहज कमी भरतात. धीर धरला तर तेवढीच वाढतात. तक्ता अजिबात वाचता येत नसेल तर बोटे मोजता येतात का, हाताची हालचाल कळते का, हे पाहतात आणि त्या उत्तराला लॉगमारचा एक ठरवून दिलेला आकडा देतात. अशा ठिकाणी एका पायरीची सुधारणा सरासरीत मोठी दिसू शकते.

डागाच्या कडेने पाहण्याचे हे कौशल्य सरावाने वाढते आणि एकदा जमले की दोन्ही डोळ्यांना उपयोगी पडते. त्यामुळे दोन्ही डोळे सारखेच सुधारले हे कळताच ‘हा सरावाचा परिणाम आहे’ हे पहिले उत्तर पुढे आले, आणि ते उत्तर अजिबात उथळ नव्हते.

काय आढळले

रिव्हर्सलमध्ये ९६ आठवड्यांनी औषधाच्या डोळ्यांत सरासरी १५ अक्षरांची आणि देखाव्याच्या डोळ्यांत १३ अक्षरांची सुधारणा टिकून होती. ३७ पैकी २५ रुग्णांत, म्हणजे ६८ टक्क्यांत, किमान एका डोळ्यात वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण सुधारणा होती, आणि २९ जणांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी आधीपेक्षा बरी होती. ४८ आठवड्यांच्या मुख्य निकषावरील पी-मूल्य मात्र ०.८९४ होते, दोन डोळ्यांत फरक असल्याचा काडीचाही पुरावा त्यात नाही. हे सविस्तर निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

रेस्क्यूमध्ये चित्र थोडे वेगळे दिसले, पण अडचण तीच राहिली. तेथील रुग्ण आजाराच्या उताराच्या काळात आले होते, म्हणून दोन्ही डोळे आधी खाली गेले आणि मग दोन्ही वर येऊ लागले. याही चाचणीत मुख्य निकष गाठला गेला नाही.

दुसऱ्या डोळ्याचे कोडे

शक्यता चार होत्या. पहिली, आपोआप झालेली सुधारणा. दुसरी, सराव आणि मोजमापातील सैलपणा. तिसरी, मेंदूचे जुळवून घेणे : एका डोळ्याकडून अधिक चांगला संदेश येऊ लागल्यावर दृष्टीची केंद्रे दुसऱ्या डोळ्याकडून येणारा क्षीण संदेशही अधिक चांगला वापरू लागणे. चौथी, औषधच दुसऱ्या डोळ्यात पोचणे.

चौथी शक्यता तपासण्यासाठी माकडांवर प्रयोग झाला. एकाच डोळ्यात औषध टोचून तीन महिन्यांनी दोन्ही डोळ्यांच्या ऊतींची तपासणी केली तेव्हा न टोचलेल्या डोळ्याचा पुढचा भाग, दृष्टिपटल आणि दृष्टिचेता यांत वाहकाचा डीएनए सापडला. दोन दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी एकत्र येतात, त्यांतील निम्म्याच्या आसपास तंतू बाजू बदलतात, आणि तेथून दोन्ही डोळ्यांचे तंतू शेजारी-शेजारी पुढे जातात. त्यामुळे वाहक या वाटेने सरकला असावा, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. लेखकांनीही ते संभाव्य स्पष्टीकरण म्हणूनच मांडले, आणि ते योग्य केले.

माझ्या मते येथे थांबून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. डीएनए सापडणे म्हणजे प्रथिन पुरेसे तयार होणे नव्हे, आणि प्रथिन तयार होणे म्हणजे पेशी वाचणे नव्हे. औषध थेट मिळालेल्या डोळ्यात अब्जावधी कण होते आणि दुसऱ्यात त्या मानाने थोडे पोचले असतील, तर दोन्ही डोळे जवळजवळ सारखे का सुधारावेत, हा प्रश्न माकडांच्या प्रयोगाने सुटत नाही. थोडी मात्राही पुरेशी ठरते असे मानले तर मग मात्रेचाच पुन्हा विचार करावा लागेल. दुसरीकडे, हा प्रयोग एक गोष्ट नक्की दाखवतो : काचद्रवात टोचलेल्या या वाहकासाठी दुसरा डोळा ‘औषधाविना’ होता असे आता कोणीही ठामपणे म्हणू शकत नाही. तुलनेसाठी तो निकामी झाला. हाच प्रयोग चाचणीपूर्वी, याच प्रश्नासाठी झाला असता, तर कदाचित आराखडाच बदलला असता.

पुढे ‘रिफ्लेक्ट’ या तिसऱ्या चाचणीत ९८ रुग्णांच्या आधी बाधित झालेल्या डोळ्यात सर्वांनाच औषध दिले आणि दुसऱ्या डोळ्यात ४८ जणांना औषध, ५० जणांना औषधाविना द्राव टोचला. या वेळी दुसरा डोळा दोन वेगवेगळ्या माणसांत तुलनेला होता, ही सुधारणा होती; पण सर्वांच्या पहिल्या डोळ्यात औषध असल्यामुळे मूळ अडचण टळली नाही. दोन्ही डोळ्यांत औषध मिळालेल्यांचे निकाल काहीसे सरस होते, तरी दीड वर्षानंतरच्या मुख्य निकषावर फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही.

बाहेरची तुलना

आतली तुलना हरवल्यावर बाहेर पाहावेच लागले. रेस्क्यू आणि रिव्हर्सलमधील रुग्णांची गाठ उपचार न मिळालेल्या २०८ रुग्णांच्या नोंदींशी घालण्यात आली. आजार सुरू झाल्यापासून ४८ महिन्यांनी उपचारित डोळे ०.३३ लॉगमारने, म्हणजे सुमारे साडेसोळा अक्षरांनी सरस आढळले. आपोआप होणाऱ्या सुधारणेचा जो २० टक्क्यांखालचा अंदाज आधी सांगितला, त्याच्या शेजारी रिव्हर्सलमधील ६८ टक्के ठेवले तर पहिली शक्यता एकटी पुरी पडत नाही, हे मला मान्य आहे. सरावाने चार-पाच अक्षरे वाढतील. सरासरी १५ आणि तीही दोन वर्षे टिकणारी वाढ केवळ सरावाची असणे अवघड वाटते.

तरीही ही तुलना यादृच्छिक तुलनेच्या तोडीची नाही. बाहेरच्या नोंदी वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या हातांनी मोजलेल्या असतात. चाचणीतल्या रुग्णाची दृष्टी ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या अंतरावरून, प्रशिक्षित माणसाने मोजलेली असते. बाहेरच्या रुग्णाची नोंद तो दवाखान्यात येईल तेव्हाची असते. ज्याला काहीच फरक पडत नाही तो परत येणे सोडून देतो, आणि ज्याला फरक पडतो तोही कधी कधी सोडून देतो. मोजमापाचा विभाग वर का लिहिला, ते येथे कळावे.

औषध-नियामकांनीही हाच अडसर पाहिला. कंपनीने २०२० मध्ये ‘लुमेवोक’ या नावाने युरोपीय औषध संस्थेकडे मंजुरीचा अर्ज केला आणि एप्रिल २०२३ मध्ये तो मागे घेतला. याच आजारावरील आयडेबेनोन या तोंडावाटे घ्यायच्या औषधाची कथा येथे आठवते. ८५ रुग्णांच्या चाचणीत त्याचाही मुख्य निकष साधला गेला नव्हता. तरी इतर पुराव्यांच्या आधारे युरोपात २०१५ मध्ये त्याला अपवादात्मक परिस्थितीतील मंजुरी मिळाली. म्हणजे निकष हुकला की दार कायमचे बंद होते असे नाही, पण मग उरलेला पुरावा फार भक्कम लागतो.

वेगळा आराखडा शक्य होता का

शक्य होता, आणि जवळच्याच क्षेत्रात तो वापरलाही गेला. आरपीई६५ जनुकातील दोषामुळे होणाऱ्या जन्मजात अंधत्वावरील औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत (लेबर यांचेच नाव लावले जाणारा, पण पूर्णपणे वेगळा आजार) ३१ रुग्ण घेऊन त्यांपैकी २१ जणांना दोन्ही डोळ्यांत लगेच उपचार आणि १० जणांना एक वर्षानंतर उपचार, अशी विभागणी केली होती. तुलना माणसांमाणसांत होती, डोळ्याडोळ्यांत नव्हती. निकषही तक्त्यावरील अक्षरांचा नव्हता. वेगवेगळ्या उजेडात अडथळ्यांची वाट किती अचूक आणि किती वेगाने पार करता येते, हे पाहिले. त्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली, रिव्हर्सलचे निष्कर्ष येण्याच्या चारच महिने आधी. औषध दृष्टिपटलाखाली मर्यादित जागी सोडलेले असूनही त्या संशोधकांनी दुसऱ्या डोळ्यावर तुलनेचा भार टाकला नाही.

लेबर दृष्टिचेता-विकारात हाच आराखडा जसाच्या तसा उचलता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. आरपीई६५ चा आजार वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो; वर्षभर थांबलेल्या रुग्णाचे बरेच काही शिल्लक राहते. लेबर विकारात गँग्लियन पेशी पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या प्रमाणात मरतात, म्हणून एक वर्ष थांबलेल्या गटाला नंतर दिलेल्या औषधाचा उपयोग कमी होण्याची भीती खरी आहे. तरीही, ज्यांच्या आजाराला एक वर्ष उलटून गेले आहे आणि ज्यांची दृष्टी एका पातळीवर स्थिरावली आहे अशा रुग्णांत माणसांमाणसांतील यादृच्छिक तुलना करता येईल. त्यांतील निम्म्यांना दोन्ही डोळ्यांत औषध आणि निम्म्यांना दोन्ही डोळ्यांत देखावा असा गट हवा, आणि तुलना पूर्ण होताच दुसऱ्या गटाला औषध देण्याचे वचन आधीच लेखी हवे. रुग्ण अधिक लागतील, वेळ अधिक लागेल, आणि जगण्याच्या ऐन वयात दृष्टी गेलेल्या माणसाला पुन्हा एकदा चिठ्ठीवर अवलंबून राहण्यास सांगावे लागेल. जे ७५ रुग्ण पहिल्या दोन चाचण्यांत सामील झाले त्यांनी हेच केले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून मिळालेल्या माहितीवरच पुढच्या चाचणीची मात्रा, कालावधी आणि निकष ठरवावे लागतील.